मॅरिलियनची 'मार्केट स्क्वेअर हीरोज' ही रेकॉर्ड आणि अल्बमबाहेर राहिलेले 'ग्रेंडेल': चर्चेचा धागा

कॅसेटची दुसरी बाजू

मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडचे 'ग्रेंडेल' हे गाणे सहा मिनिटांचे आहे, असे मी जवळपास दहा वर्षे समजत होतो. १९८६ साली माझ्या आतेभावाने इंग्लंडहून येताना साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर या बँडचा पहिला अल्बम, म्हणजे १९८३ चा 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर', उतरवून आणला होता. एलपीची एकेक बाजू तेवीस-चोवीस मिनिटांची आणि कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. दुसऱ्या बाजूच्या शेवटी उरलेली फीत वाया जाऊ नये म्हणून त्याने तिथे 'ग्रेंडेल' लावून दिले होते. फीत संपली की टेपरेकॉर्डरचे बटण खटकन वर येई आणि गाणे थांबे. गाणे अर्धवट आहे हे कळायला मला कोणी सांगणारे नव्हते. ते तसेच संपते असे मी धरून चाललो होतो, आणि खरे सांगायचे तर तो शेवट मला आवडतही होता.

पुढे १९८८ चा 'बी'साइड्स देमसेल्व्ज' हा संग्रह हाती आला, तेव्हा समजले की गाणे सतरा मिनिटांहून अधिक लांबीचे आहे आणि ते 'स्क्रिप्ट'मधले नाहीच. ते आले होते त्याच्या आधीच्या छोट्या रेकॉर्डवर. २५ ऑक्टोबर १९८२ रोजी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने 'मार्केट स्क्वेअर हीरोज' प्रसिद्ध केली. सात इंची तबकडीवर दोन गाणी होती: एका बाजूला शीर्षकगीत आणि दुसऱ्या बाजूला 'थ्री बोट्स डाउन फ्रॉम द कँडी'. बारा इंची आवृत्तीत ही दोन्ही गाणी एका बाजूला आली आणि दुसरी संपूर्ण बाजू एकट्या 'ग्रेंडेल'ला मिळाली. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ही रेकॉर्ड तेव्हा साठाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचली. पाच महिन्यांनी, मार्च १९८३ मध्ये, अल्बम आला आणि तो थेट सातव्या क्रमांकावर गेला.

मला ज्या गोष्टीवर बोलायचे आहे ती अशी की या तीन गाण्यांपैकी एकही गाणे अल्बममध्ये नाही. अल्बमआधी येणारी छोटी रेकॉर्ड म्हणजे अल्बमची झलक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इथे झलक दाखवलेलीच नाही. संगीत नाटकाच्या नांदीत पुढच्या प्रवेशातले काही नसते, तरी नांदी झाल्याशिवाय पडदा उघडत नाही, तसे या रेकॉर्डचे आहे असे माझे मत आहे. पबमध्ये आणि छोट्या क्लबांमध्ये दोन वर्षे वाजवताना बँडने जे जमवले होते, त्याचा हिशेब या रेकॉर्डवर चुकता केला आणि मग कोऱ्या मनाने अल्बम केला. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

खर्जसाधक

धागा वाचून फार आनंद झाला, कारण या रेकॉर्डबद्दल मराठीत लिहिलेले मी आजवर काहीच वाचले नव्हते. मात्र तुमच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. जुनी गाणी छोट्या रेकॉर्डवर आणि नवी गाणी अल्बमवर, अशी विभागणी प्रत्यक्षात झालेली नाही.

जुलै १९८१ मध्ये बँडने जो डेमो ध्वनिमुद्रित केला, त्यात 'ही नोज यू नो', 'गार्डन पार्टी' आणि 'चार्टिंग द सिंगल' ही तीन गाणी होती. यांतली पहिली दोन पुढे अल्बममध्ये आली आणि तिसरे एका सिंगलच्या मागच्या बाजूला गेले. फेब्रुवारी १९८२ मध्ये टॉमी व्हान्स यांच्या 'फ्रायडे रॉक शो' या बीबीसी रेडिओवरील कार्यक्रमासाठी त्यांनी 'द वेब', 'थ्री बोट्स' आणि 'फरगॉटन सन्स' ही गाणी वाजवली. म्हणजे एकाच बैठकीतल्या तीन गाण्यांपैकी एक छोट्या रेकॉर्डवर गेले आणि दोन अल्बमवर. 'द वेब'चे शब्द तर बँडचा गायक फिश याने बँडमध्ये येतानाच लिहिले होते, म्हणजे तेही १९८१ च्या आरंभीचे. तेव्हा अल्बममधली बरीच गाणी क्लबांमध्ये घासूनपुसून तयार झालेली होती आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये बँडकडे निवडीला भरपूर माल होता. 'कोरे मन' हा शब्द इथे बसत नाही. प्रश्न विचारायचा तर असा विचारावा की एवढ्या गाण्यांतून नेमकी हीच तीन बाहेर का ठेवली.

कॅसेटची दुसरी बाजू

आपली दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. रेडिओच्या त्या बैठकीतली गाणी मला माहीत होती, पण त्यांचा असा अर्थ निघतो हे ध्यानात आले नव्हते. हिशेब चुकता करण्याची कल्पना मागे घेतो आणि आपला प्रश्न तसाच पुढे ठेवतो.

रानवाट

या प्रश्नाचा एक भाग केवळ मोजणीचा आहे असे मला वाटते. म्हणून काल रात्री मी वेळा मांडून बसले.

अल्बममध्ये सहा गाणी आहेत आणि एकूण लांबी पावणेसत्तेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे. पहिल्या बाजूला शीर्षकगीत, 'ही नोज यू नो' आणि 'द वेब'. दुसऱ्या बाजूला 'गार्डन पार्टी', 'चेल्सी मंडे' आणि 'फरगॉटन सन्स'. 'ही नोज यू नो' सोडले तर एकही गाणे सात मिनिटांहून लहान नाही. आता यात सतरा मिनिटांचे 'ग्रेंडेल' घालून पाहा. कोणत्याही बाजूला ते ठेवले तरी त्या बाजूवर सहा मिनिटांच्या जवळपासच जागा उरते, म्हणजे तीनपैकी किमान दोन गाणी काढावी लागतात. दुसऱ्या बाजूला ठेवले असते तर 'फरगॉटन सन्स'ला जागाच उरली नसती. उत्तर आयर्लंडमध्ये पाठवलेल्या तरुण सैनिकाचे ते गाणे अल्बमच्या शेवटी नाही, अशी कल्पनाही मला करवत नाही. त्या गाण्यात बातम्या आणि प्रार्थना यांचे स्वर एकमेकांत मिसळत जातात, आणि त्यानंतर दुसरे काही ऐकवत नाही.

सात इंची तबकडीत 'ग्रेंडेल' मावणे शक्य नव्हते. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर ते सुखाने मावले. आपल्याकडच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर मोठमोठ्या गवयांनी अख्खा ख्याल सव्वातीन मिनिटांत बसवला, त्या तबकड्या ऐकताना साच्याने गाण्याला कसे वळण दिले ते जाणवत राहते. इथे त्याच्या उलट घडले. साचा मोठा होता म्हणून गाणे न कापता बाहेर येऊ शकले, आणि ते बाहेर आले म्हणून अल्बम मोकळा झाला. बारा इंची रेकॉर्ड नसती तर बँडला 'ग्रेंडेल' तरी कापावे लागले असते किंवा अल्बम तरी.

तालमात्रा

रानवाट यांचे गणित बरोबर आहे, परंतु गणिताच्या पलीकडचे एक कारण आहे आणि ते टाळून या रेकॉर्डबद्दल बोलता येणार नाही. ते कारण म्हणजे जेनेसिस हा सत्तरच्या दशकातला ब्रिटिश रॉक बँड.

'ग्रेंडेल'चा शेवटचा भाग ऐका. ढोल आणि बास एका ठाम, अडखळत्या वाटणाऱ्या विषम तालात ठोके देत राहतात आणि त्यांच्यावर कीबोर्ड आपल्या वेगळ्याच चालीने चढत जातो. जेनेसिसच्या १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट' अल्बममधील 'सपर्स रेडी' ज्याने ऐकले आहे, त्याला त्यातला नऊ मात्रांचा भाग आठवल्याशिवाय राहत नाही. योगायोग असा की 'मार्केट स्क्वेअर हीरोज'चे निर्माते डेव्हिड हिचकॉक हेच 'फॉक्सट्रॉट'चेही निर्माते होते. त्यात फिश चेहऱ्यावर रंग फासून रंगमंचावर येत असे, त्यामुळे जेनेसिसचा मूळ गायक पीटर गॅब्रिएल याच्याशी तुलना होणे अटळ होते.

तारखाही पाहण्यासारख्या आहेत. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्स येथे गॅब्रिएल आणि जेनेसिस एका कार्यक्रमापुरते पुन्हा एकत्र आले. वोमॅड या संगीत महोत्सवामुळे झालेले कर्ज फेडण्यासाठी तो कार्यक्रम होता आणि त्यात त्यांनी 'सपर्स रेडी' संपूर्ण वाजवले. त्यानंतर तेवीस दिवसांनी, त्याच बकिंगहॅमशर परगण्यातल्या एल्सबरीच्या बँडची ही रेकॉर्ड बाजारात आली. ज्यांनी मूळ गाणे नुकतेच प्रत्यक्ष ऐकले होते, त्यांच्या हाती लगेच 'ग्रेंडेल' पडले.

मी स्वतः पंचवीस वर्षे तबला वाजवतो आहे. गुरूंचा कायदा, म्हणजे तबल्याची बांधलेली बोलरचना, शिष्य जसाच्या तसा वाजवतो तेव्हा त्याला आपण चोरी म्हणत नाही, पण पहिल्या स्वतंत्र मैफलीत मात्र तो कायदा मध्यभागी ठेवावा की नाही, याचा विचार शिष्याने करायचा असतो. मॅरिलियनने तो केला असे मला वाटते. 'ग्रेंडेल' त्यांनी दडवले नाही. पूर्ण लांबीचे, ईएमआयसारख्या मोठ्या कंपनीच्या शिक्क्याने प्रसिद्ध केले. मात्र ज्या अल्बमवर बँडची ओळख ठरणार होती, त्यात ते ठेवले नाही. अल्बमचे निर्माते निक टॉबर होते आणि ध्वनिमुद्रण लंडनच्या मार्की स्टुडिओत झाले. दोन्ही रेकॉर्डी पाठोपाठ ऐकल्या तर ध्वनीतला फरक लगेच कळतो. अल्बममध्ये गिटार पुढे आली आहे आणि एकूण पोत अधिक घट्ट आहे.

खर्जसाधक

जेनेसिसच्या प्रभावाचा मुद्दा नाकारता येत नाही, तरी 'ग्रेंडेल'ला केवळ अनुकरण म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात ग्रेंडेल हा राक्षस हेओरोट नावाच्या राजसभेवर बारा वर्षे हल्ले करत राहतो आणि झोपलेल्या वीरांना मारून नेतो. अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनर यांनी १९७१ मध्ये तीच कथा राक्षसाच्या तोंडून सांगितली, आणि फिशने आपले गाणे तिच्यावरून बेतले. त्यामुळे गाण्याच्या पहिल्या भागात आपण सभेतल्या भेदरलेल्या माणसांबरोबर असतो, आणि शेवटच्या भागापर्यंत येताना आपण राक्षसाच्या बाजूने माणसांकडे पाहू लागलेले असतो. आम्ही राक्षस आहोत, पण तुम्ही स्वतःच्या जातीच्या माणसांना कोणत्या तोंडाने मारता, असा तो जाब आहे. जेनेसिसच्या त्या रचनेत हा राग नाही. तिथे स्वप्न आणि साक्षात्कार आहे. ठेका उसना असेल. त्या ठेक्यावर जे बोलले जाते ते फिशचे स्वतःचे आहे. आणि तोच राग पुढे 'फरगॉटन सन्स'मध्ये आला आहे.

कॅसेटची दुसरी बाजू

हा मुद्दा मला अगदी नवा आहे आणि त्याने माझ्या मनातली गाठ सुटली. माझी कॅसेट जिथे संपत असे तिथवर राक्षसाने जाब विचारलेलाच नव्हता. दहा वर्षे मी गाण्याचा फक्त भीतीचा भाग ऐकत होतो.

मिल्टन कीन्सवासी

मी गेली चौदा वर्षे या भागात राहतो, म्हणून शीर्षकगीताबद्दल थोडे लिहितो, कारण चर्चा 'ग्रेंडेल'भोवतीच फिरत आहे आणि ज्या गाण्याचे नाव रेकॉर्डला दिले त्याकडे कोणी पाहिलेले नाही.

एल्सबरीचा बाजारचौक उतारावर आहे. मध्यभागी व्हिक्टोरियन काळातला घड्याळाचा मनोरा आहे आणि चौकात डिझरायली आणि जॉन हॅम्पडेन यांचे पुतळे आहेत. डेव्हिड बोवीचा पुतळाही २०१८ पासून तिथेच कमानीखाली आहे, कारण इथल्या फ्रायर्स क्लबशी त्याचे जुने नाते होते. मॅरिलियननेही फ्रायर्समध्ये वाजवले. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो मंगळवार होता. पाऊस पडून गेला होता आणि कमानीखाली चार-पाच तरुण मुले काही न करता उभी होती. गाणे मला माहीत होते, त्यामुळे त्या मुलांकडे पाहून पायच थांबले.

जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. अशा काळात चौकात रिकाम्या बसलेल्या तरुणांना एक जण हाका मारतो, मी तुमचे नेतृत्व करीन, माझ्या मागे या, असे सांगतो, असे हे गाणे आहे. तो नेता खरा आहे की त्याला केवळ अनुयायी हवे आहेत, हे गाणे सांगत नाही. चाल इतकी उसळती आहे की ऐकणारा आपण होऊन त्याच्या मागे जातो, आणि मग आपण कोणाच्या मागे निघालो आहोत हे त्याच्या ध्यानात येते. गाण्यातला नेता स्वतःला 'अँटिख्राइस्ट' म्हणवतो. रेडिओवर हा शब्द चालणार नाही म्हणून त्या जागी 'बॅटल प्रीस्ट' असे शब्द घालून आणखी एक आवृत्ती ध्वनिमुद्रित केली गेली. १९९७ च्या दोन तबकड्यांच्या आवृत्तीत ती ऐकायला मिळते. मला ती सौम्य केलेली आवृत्ती कमी परिणामकारक वाटते, कारण मूळ शब्दात जो धोका आहे तोच गाण्याचा प्राण आहे.

रानवाट

आपण चौकातल्या त्या मुलांबद्दल लिहिलेत, त्यावरून खर्जसाधक यांच्या प्रश्नाचे उत्तर मला सुचते आहे. छोट्या रेकॉर्डवरची दोन मोठी गाणी जमावाची आहेत. एकात जमाव नेत्यामागे जातो, दुसऱ्यात राक्षस जमावावर तुटून पडतो. अल्बमचे मुखपृष्ठ पाहिले तर मार्क विल्किन्सन यांनी भाड्याच्या खोलीत हाती व्हायोलिन घेतलेला एकटा विदूषक काढला आहे. 'ही नोज यू नो'मधला नशेत बुडालेला तरुण, 'चेल्सी मंडे'मधली प्रसिद्धीची स्वप्ने पाहणारी मुलगी, शीर्षकगीतातला प्रेमात हरलेला कवी, हे सगळे आपापल्या खोलीत एकटे आहेत. 'गार्डन पार्टी'त माणसांची गर्दी आहे, पण ती उच्चभ्रूंची आहे आणि निवेदक तिच्याकडे बाहेरून पाहतो. चौकातल्या हाका या खोलीत शिरल्या असत्या तर विदूषकाचा एकटेपणा मोडला असता. म्हणून ते दार बंद ठेवले असावे.

'थ्री बोट्स' मात्र या मांडणीत बसत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. सुटलेल्या नात्याचे ते गाणे अल्बममध्ये सहज शोभले असते. तिथे माझ्या मते केवळ जागेचाच प्रश्न होता.

उत्तररात्र

या निमित्ताने दोन नंतरची उदाहरणे मांडतो. टूल या लॉस एंजेलिसच्या बँडने १९९२ मध्ये 'ओपिएट' काढली आणि १९९३ मध्ये 'अंडरटो'. छोट्या रेकॉर्डवर त्यांनी आपली सर्वांत आक्रमक गाणी ठेवली होती. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, 'ओपिएट'चे शीर्षकगीत त्यांनी वाढवून नव्याने ध्वनिमुद्रित केले. द मार्स व्होल्टाने २००२ मध्ये तीन गाण्यांची 'ट्रेम्युलंट' काढली. तिच्यातल्या 'युनक प्रोव्होकेटर' या गाण्यातच पुढच्या वर्षीच्या 'डी-लाउस्ड इन द कोमॅटोरियम' या अल्बमचे नाव येऊन जाते. ती खरी नांदी म्हणता येईल, कारण आपल्याकडच्या नांदीतही पुढच्या कथेचे सूचन असतेच. मॅरिलियनच्या रेकॉर्डला तो शब्द लावणे मला तितकेसे पटत नाही.

तालमात्रा

टूलप्रमाणे मॅरिलियननेही मागे वळून पाहिले, हे इथे नोंदवले पाहिजे. एप्रिल १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधील कार्यक्रमानंतर मूळ ढोलवादक मिक पॉइंटर यांना बँड सोडावा लागला. १९८४ मध्ये 'पंच अँड जूडी' या सिंगलच्या मागच्या बाजूसाठी 'मार्केट स्क्वेअर हीरोज' आणि 'थ्री बोट्स' ही दोन्ही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आली. 'ग्रेंडेल' मात्र पुन्हा केले नाही. तालाच्या दृष्टीने नवी आवृत्ती निःसंशय अधिक पक्की आहे. तरी १९८२ च्या आवृत्तीत जी घाई आहे, ठेका किंचित पुढे पळतो आहे असे जे वाटते, ते चौकातल्या गाण्याला अधिक शोभते. शिकवताना मी विद्यार्थ्यांना लय धरायला सांगतो आणि ऐकताना मला हीच सुटलेली लय हवी असते.

कॅसेटची दुसरी बाजू

उत्तररात्र यांचा नांदीबद्दलचा आक्षेप रास्त आहे. तो शब्दही मी मागे घेतो. या धाग्यात माझी दोन्ही विधाने मागे घ्यावी लागली याचे मला समाधान आहे, कारण त्या बदल्यात जे मिळाले ते मोठे आहे. छोटी रेकॉर्ड ही अल्बमची प्रस्तावना नव्हती. अल्बममध्ये जे असून चालणार नव्हते आणि तरी ज्याला आपले म्हणायचे होते, त्याला हक्काची जागा देणारी ती रेकॉर्ड होती.

रविवारी मी रानवाट यांच्या मोजणीनुसार एक प्रयोग केला. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवरून 'चेल्सी मंडे' आणि 'फरगॉटन सन्स' काढली, 'गार्डन पार्टी' ठेवले आणि पाठोपाठ 'ग्रेंडेल' लावले. 'गार्डन पार्टी'च धरून ही बाजू साडेचोवीस मिनिटांची होते, म्हणजे एलपीवर बसली असती. ऐकताना मात्र अल्बम मधूनच दुभंगल्यासारखा झाला. खोलीतला विदूषक पहिल्या बाजूबरोबर संपला आणि दुसऱ्या बाजूला कोणी वेगळाच बँड वाजवू लागला. दुसऱ्या फेरीत मी 'ग्रेंडेल' वेगळे, एकटे, दिवे मालवून ऐकले. सहावे मिनिट आले तेव्हा खटका उठेल म्हणून कान टवकारले गेले होते.

खर्जसाधक

आतेभावांची ती कॅसेट अजून तुमच्याकडे आहे का? असल्यास खोक्यावर गाण्यांची नावे कोणत्या क्रमाने लिहिली होती, ते कृपया कळवावे.

कॅसेटची दुसरी बाजू

कॅसेट आहे. फीत आता वाजवण्याजोगी राहिलेली नाही, पण खोक्यातला कागद शाबूत आहे. निळ्या शाईत अल्बमची सहा गाणी क्रमाने लिहिलेली आहेत. त्यांच्याखाली एक रेघ ओढलेली आहे आणि रेघेखाली 'ग्रेंडेल' असे लिहून पुढे कंसात 'अपूर्ण' असा शब्द आहे. तो मी आज सकाळी पहिल्यांदा वाचला.